आडनावाची पीडीएफ

आपल्याकडे प्रत्येक आडनावाची एक पीडीएफ असते. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती वर्षातून दोनदा तरी फिरते. पहिल्या पानावर सूर्य नाहीतर ढाल-तलवार, खाली ‘अमुक घराण्याचा दैदीप्यमान इतिहास’, आणि मग तक्ता: वंश, गोत्र, देवक, कुलदैवत, निशाणाचा रंग, मूळ गादी. ही मूळ गादी घोड नदीच्या किंवा कुकडीच्या काठी कधीच नसते. ती धारला असते, चितोडला असते, फारच जोर आला तर थेट अयोध्येला. पीडीएफ आली की पाचेक मिनिटांत तिच्याखाली हात जोडलेले, भगवे झेंडे, ‘अभिमान आहे’. चुलत्याला विचारावं की हे कुठून आलं, तर उत्तर मिळतं, ‘आलंय ग्रुपवर.’

मी जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातला. शिकलो इंजिनीअरिंग, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण एखादा रकाना नेमकं काय मोजतो आणि लोक त्यावरून काय अंदाज बांधतात, यातला फरक ओळखणं हे माझं रोजचं काम आहे. आडनाव हा आपल्या समाजातला सगळ्यात चुकीचा वाचला जाणारा रकाना आहे, असं माझं मत झालंय. तो रक्ताबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. जागा, काम, हक्क, आणि कुणी कुणाला काय म्हणून हाक मारली, याबद्दल मात्र बरंच सांगतो. आपण हे सगळं टाकून देतो आणि त्यात नसलेलं रक्त वाचतो.

रक्ताचा हिशोब दोन ओळींत संपतो. दहा पिढ्या मागे गेलात की त्या पायरीवर तुमचे १,०२४ पूर्वज उभे असतात. (काही माणसं दोनदा मोजली जातील, आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होत आली आहेत. पण आकडा लहान होत नाही.) तुमचं आडनाव त्यातल्या एकाकडून आलं. उरलेल्या १,०२३ माणसांचं काय? त्यातल्या ५१२ तर बायका आहेत, आणि पीडीएफमध्ये एकही नाही. एका धाग्यावरून सबंध लुगड्याचा रंग सांगायचा हा प्रकार आहे.

आता जुन्नरला या. शिवनेरीवर जाताना आपण किल्ल्याकडे बघतो, पण त्याच डोंगरात, समोरच्या मानमोडीत आणि लेण्याद्रीला मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. माणूस स्वतःची ओळख कशी सांगत होता याचा आपल्या भागातला सर्वात जुना डेटा तोच, आणि पीडीएफवाल्यांनी तो कधी उघडलेला नाही.

त्यात काय आहे? धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याचं टाकं दिलंय. बांबूकाम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. म्हणजे ओळख कामाने. नहपान राजाचा अमात्य अयम आपलं गोत्र सांगतो, वत्स, आणि सोबत पद आणि साल, ४६. म्हणजे ओळख गोत्राने आणि नोकरीने. बुधमित आणि बुधरखित हे दोघे भाऊ सांगतात की आम्ही भरुकच्छाचे. भरुकच्छ म्हणजे आजचं भरूच. म्हणजे जुन्नरमधले हे दोघे ‘भरूचकर’.

आणि मग यवन आहेत. तीन वेगवेगळ्या यवनांची नावं जुन्नरच्या लेखांत येतात: इरिल, चिट आणि चंद. इरिलने पाण्याची दोन टाकी दिली, चिटने संघाला भोजनमंडप दिला. या दोघांच्या नावापुढे ‘गतांचा’ असा शब्द आहे. म्हणजे गत नावाच्या कुळाचा किंवा गटाचा. हे गत कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी तो शब्द युरोपातल्या गॉथ लोकांशी नेऊन जोडला, इतरांना ते पटलं नाही. मला त्या वादात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की दोन वेगवेगळ्या माणसांनी कुळाचं म्हणून एकच नाव लावावं, याची जुन्नरमधली ही फार जुनी उदाहरणं आहेत. आजच्या अर्थाने ‘आडनाव’ म्हणता येईल असं काही तिथे असेल तर ते परदेशी माणसांचं आहे. घ्या आता मूळ गादी.

थोडं वर, नाणेघाटात, सातवाहनांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, डोक्यावरची नावं राहिली. सिमुक सातवाहन, नायनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि. ‘महारठी’ दिसलं की आमच्या ग्रुपवर लगेच आनंदाची लाट येते. पण तिथे तो शब्द पदाचा आहे, आज ज्याला आपण आडनाव म्हणतो तसा नाही. शिवाय तिथला मोठा लेख एका राणीचा आहे. पुढच्या सातवाहन राजांनी तर आईचं नाव पुढे लावलं: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. महाराष्ट्र सरकारला मुलाच्या नावात आईचं नाव घालायला मे २०२४ उजाडलं. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी क्रम ठरला: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. ते जाहीर झालं तेव्हा ‘आपल्या संस्कृतीत हे कुठे होतं’ असं विचारणाऱ्या एकाला मी नाणेघाटाचं लोकेशन पाठवलं. त्याने ते ट्रेकचं आमंत्रण समजून ‘शनिवारी जमेल’ असं लिहिलं.

भरूचच्या त्या दोन भावांकडे परत जाऊ, कारण आपल्या ‘कर’चं सगळं गणित त्यांच्यात आहे. भरूचमध्ये राहणाऱ्या माणसाला ‘भरूचचा’ म्हणून कोण ओळखणार? तिथे सगळेच भरूचचे. गाव सुटलं की गावाचं नाव चिकटतं. कोकणात आणि गोव्यात गावातच राहूनही ‘कर’ लागतो, तो वेगळा मामला. घाटावर मात्र नियम बऱ्यापैकी घट्ट आहे. म्हणून जुन्नरकर भेटतात ते पुण्याच्या पेठांत, मुंबईत, नाहीतर इंदूर-बडोद्याकडे. इतिहासकार रा. वि. ओतूरकर पुण्याचे म्हणून माहीत. खुद्द ओतूरमध्ये जा, तिथे डुंबरे भेटतील. मंचरला बाणखेले, राजुरीला औटी, अवसरीला हिंगे. गावाचं नाव लावून कुणी बसलेलं नाही, कारण तिथे त्याची गरज नाही.

म्हणजे ‘जुन्नरकर कुठले’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘जुन्नर सोडलेले’ असं आहे. आता याच न्यायाने आंबेगावकर घ्या. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. दोन-तीन पिढ्यांपूर्वी बाहेर पडून आंबेगावकर झालेल्या कुटुंबाकडे आज नाव आहे, गाव नाही. आणि ज्यांची घरं-शेतं त्या पाण्यात गेली, ज्यांना खरोखर गाव सोडावं लागलं, त्यांच्यातल्या कुणाला उठून ‘आंबेगावकर’ म्हणवून घ्यायचं सुचलं नाही. ते धरणग्रस्त झाले. हेही एक आडनावच म्हणायचं, फक्त ते सातबाऱ्यावर येत नाही, दाखल्यावर येतं.

त्या जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू महाळुंगे पडवळचा, आंबेगाव तालुक्यातला. जन्म १९०८. मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि ट्रक त्याच्यावरून गेला. त्याचं आडनाव सैद. किती जणांना माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात, रस्त्यांच्या पाट्यांवर, धरणावर, सगळीकडे तो बाबू गेनू. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. शंभर वर्षांपूर्वी आमच्याकडच्या कष्टकरी माणसाची ओळख एवढीच असायची आणि ती पुरायची. जुन्या कागदांत बघा, ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘वलद तमुक’, मौजे अमुक. आडनाव असलं तर असलं. गंमत म्हणजे त्याच्या गावाला मात्र आडनावासारखं शेपूट आहे, पडवळ. दुसऱ्या महाळुंग्यांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून.

वाड्यांचंही तेच. गावडेवाडी, शेवाळवाडी, लांडेवाडी, भोरवाडी. आंबेगाव-जुन्नरच्या नकाशावर बोट फिरवलं की वस्त्यांना माणसांची नावं लागलेली दिसतात. बाहेर गाव माणसाला नाव देतं, आत माणूस वस्तीला. मळ्यात एक भावकी राहायला गेली, तिच्या नावाने वाडी झाली, वाडीच्या नावाने एसटीचा थांबा झाला, आणि आता गूगल मॅपवर ते ठिकाण आहे. आडनावाच्या उगमाचा हा जिवंत पुरावा आपण रोज बसमधून बघतो. तरी उगम शोधायला राजस्थानात जातो.

इथे मी पीडीएफवाल्यांना साधा प्रश्न विचारतो. एखादं आडनाव एका गावाभोवती दाट असेल आणि वीस-तीस कोसांवर विरळ होत असेल, तर त्याचा अर्थ काय? अर्थ असा की ते नाव बहुधा इथेच पडलं आणि त्याला फार फार शतकं झालेली नाहीत. डुंबरे चितोडहून आले असते तर वाटेत कुठेतरी डुंबरे सांडले असते. माळव्यात, खानदेशात, नाशकात ठसे राहिले असते. नकाशावर ठिपके टाकले तर ते ओतूरभोवती गोळा होतात. याउलट जाधव, पवार, शिंदे, मोरे, गायकवाड ही नावं सगळीकडे आहेत, म्हणून ती एका मुळापासून पसरली असं आपण मानतो. तेही उलटच आहे. जे नाव सगळ्या जिल्ह्यांत आणि सगळ्या जातींत आहे, ते अनेक ठिकाणी, अनेकांनी, अनेक कारणांनी घेतलेलं असतं.

सगळ्या जातींत, हे मी मुद्दाम म्हणतोय. पवार मराठा आहेत, बौद्ध आहेत, धनगर आहेत, पारधी आहेत. जाधव तसेच. आमच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या बाजूला महादेव कोळी समाज आहे. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये त्यांची २४ कुळं दिली आहेत. त्यात चव्हाण, पवार, कदम, गायकवाड, जगताप, दळवी आहेत. शहाण्णव कुळींच्या याद्या पाहिल्यात? हीच नावं. (त्या याद्याही एकीसारखी दुसरी नाही, हे पीडीएफमध्ये कुणी लिहीत नाही.) आज त्या भागात फिरलात तर भेटतात गवारी, असवले, भालचिम. म्हणजे कागदावरचं कुळ एक आणि तोंडी चालणारं आडनाव दुसरं. मग यातलं ‘मूळ’ कोणतं? की मूळ वगैरे नसतं, आणि नोंद करणाऱ्याने जे विचारलं त्याचं उत्तर तेवढं मिळतं?

आयर्लंडमध्ये हाच खेळ झालाय. डब्लिनच्या टीममधल्या एका सहकाऱ्याने मला एकदा आडनावाचा अर्थ विचारला आणि त्याच्या निमित्ताने मी तिकडचं वाचत गेलो. तिथल्या निबंधक मॅथेसनने १८९४ मध्ये सरकारी अहवालच काढला. १८९० सालात जन्मलेल्या मुलांची आडनावं मोजली, कोणतं कोणत्या परगण्यात किती, ते छापलं. सर्वात जास्त मर्फी निघाले. आता मर्फी म्हणजे एक घराणं का? नाही. तेच गेलिक नाव वेगवेगळ्या भागांत स्वतंत्रपणे पडलं आणि इंग्रजीत येताना सगळे एका साच्यात ओतले गेले. तिथे कुणाचा मॅक गोवन इंग्रज कारकुनाने ‘लोहार’ असं भाषांतर करून स्मिथ केला. आज अमेरिकेत बसलेला त्याचा पणतू स्वतःला इंग्रज समजत असेल. तरी त्यांच्याकडे निदान मोजणी आहे. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची घरोघरची पानं त्यांनी फुकट इंटरनेटवर टाकली आहेत, नावानिशी. आपल्याकडे मोजणीच्या जागी अभिमान आहे.

कारकुनाचा हात आपल्याकडेही काही कमी चाललेला नाही. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. शाळेत नाव लागलं ते आंबडवे या गावावरून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. ‘कर’ लावला की ऐकणाऱ्याला जात पटकन कळत नाही, हा त्याचा एक उपयोग अनेक दलित कुटुंबांनी जाणूनबुजून केला. राजपत्रातल्या नावबदलाच्या जाहिराती कधी चाळा. त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कुणाला तरी काहीतरी चुकवायचं असतं.

आणि याची उलटी बाजू नारायणगावात आहे. नारायणगाव तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम आला की तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. भाऊ-बापूंचा फड तिथला. त्यांचं आडनाव खुडे, पण महाराष्ट्रभर ते नारायणगावकर, कारण फिरत्या माणसाला प्रेक्षक गावावरूनच ओळखणार. भाऊंची मुलगी विठाबाई. तिला १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, तिच्या नावाने आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. तरी तिचं नाव किती ठिकाणी कसं छापतात पाहा: ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. गावाचं नाव मिळालं, पण मधोमध जात ठेवूनच. कुठल्या शास्त्रीय गायिकेच्या नावात तुम्ही असं पाहिलंय? फडावर तो शब्द त्यांनी स्वतः अभिमानाने मिरवला असेल तर तो त्यांचा हक्क. पण आपण तो आजही न अडखळता छापतो, ते अभिमानाने नाही, सवयीने.

हुद्द्यांची नावं तर बोलूच नका. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले. ही सगळी नोकरीची नावं. कुलकर्ण्यांची वतनं १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलांचं पद १९६२ च्या कायद्याने. पद गेलं आणि नाव मात्र वाढत गेलं. आज लग्नपत्रिकेत पाटील नाही असा माणूस शोधावा लागतो. मूळ आडनाव आधी लिहून पुढे पाटील जोडायची आमच्याकडे पद्धत आहे, ती तरी प्रामाणिक म्हणायची. नुसतं ‘पाटील’ म्हणजे माझ्या भाषेत सांगायचं तर ज्या किल्लीने हजार कुलुपं उघडतात तशी किल्ली, तिने घर सापडत नाही. जुन्नर शहरात कागद बनवणारे मुसलमान कारागीर होते, कागदी. जुन्नरी कागद पेशवाईत नावाजलेला होता. आपल्या खापरपणज्यांच्या वतनांची, भांडणांची, पाटीलकीच्या हक्कांची पानं ज्या कागदावर लिहिली गेली, त्यात कागद्यांच्या हातचा कागद होता. त्या घराण्यांच्या इतिहासाची पीडीएफ मला कुणी पाठवली नाही.

‘असू दे की, लोकांना अभिमान वाटतो, तुझं काय जातं?’ असं मला घरातच ऐकवलं जातं. माझं काय जातं ते सांगतो.

पुण्यात मी आणि माझा मित्र फ्लॅट बघत होतो. दोघांचा पगार सारखा, कंपनी एक. एजंटने फोनवर पूर्ण नाव विचारलं. मित्राने नाव आणि वडिलांचं नाव सांगितलं. ‘आडनाव?’ त्याने सांगितलं. फ्लॅट दहा मिनिटांपूर्वी गेला होता म्हणे. संध्याकाळी मी माझ्या नंबरवरून फोन केला, माझं आडनाव सांगितलं, तर तोच फ्लॅट रिकामा. (माझं आडनाव काय असेल हे बघायला तुम्ही आत्ता वर जाऊन लेखकाचं नाव वाचून आलात ना? मीही तेच केलं असतं. हीच ती सवय.) मित्राचं आडनाव त्या २४ कुळांच्या यादीतही आहे आणि शहाण्णव कुळींच्या यादीतही. एजंटला ते माहीत असायचं कारण नाही. त्याने आपल्या डोक्यातली पीडीएफ उघडली आणि निकाल दिला.

ऑफिसमध्ये आम्ही ग्राहकांची नावं जुळवायचा प्रोग्रॅम लिहितो. बँकेतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच आहे का, ते तपासायचं. परदेशी साच्यावर बेतलेल्या फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका, एका कागदावर आडनाव आणि दुसऱ्यावर ‘पाटील’ असलेले आजोबा, आणि पश्चिम पट्ट्यातली अशी माणसं जी तीन कागदांवर तीन पद्धतीने लिहिली गेली आहेत, ही सगळी ‘जुळत नाही’मध्ये पडतात. पेन्शन अडकते, अनुदान अडकतं. ज्यांचं आडनाव दोन-तीन पिढ्या एकाच वळणात, एकाच शाळेच्या दाखल्यात बसलेलं आहे, त्यांना या रकान्याचा त्रास कधी कळतच नाही.

याहून मोठं प्रकरण जातपडताळणीचं. आदिवासी दाखल्यासाठी आप्तभाव चाचणी घेतात. चालीरीती, देवदेवता, लग्नातले विधी, नातेवाइकांची आडनावं. उत्तरं ‘जमातीसारखी’ आली पाहिजेत. खोटे दाखले घेऊन आदिवासींच्या जागा लाटणारे आहेत आणि आमच्या पट्ट्यातल्या महादेव कोळ्यांचा त्यावरचा राग शंभर टक्के खरा आहे. पण आडनावावरून खरा-खोटा ओळखायचा म्हटलं तर दोन्हीकडून अन्याय होतो. लबाड माणूस यादी पाठ करून येतो, आणि ज्याचं आडनाव चव्हाण किंवा पवार आहे असा अस्सल आदिवासी मुलगा मान खाली घालून परत जातो. २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, जुनी कागदपत्रं महत्त्वाची. निकाल आला म्हणून टेबलापलीकडच्या माणसाच्या डोक्यातली यादी पुसली जात नाही.

जुन्या कागदपत्रांवरून आठवलं. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर रेकॉर्ड रूमची दारं उघडली. कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची रजिस्टरं, मोडी वाचणारे शोधून आणले, कोट्यवधी कागद तपासले. ५४ लाखांहून जास्त कुणबी नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात मला इथे बोलायचं नाही. मला त्या शोधाची पद्धत अस्वस्थ करते. प्रोग्रॅमर ज्याला ग्रेप म्हणतात तेच झालं: एक शब्द द्यायचा, तो असलेल्या ओळी ठेवायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. महाराष्ट्राच्या गावागावांतल्या माणसांची एवढी पानं एकाच वेळी माणसाच्या नजरेखालून याआधी कधी गेली नसतील. त्यांतून आपण एक शब्द उचलला. त्याच पानावरची कोळी, महार, न्हावी, मुसलमान, ठाकर माणसं, त्यांच्या बापांची नावं, त्यांची गावं, आडनाव होतं की नव्हतं, कोणत्या सालापासून दिसायला लागलं, हे सगळं वाचून बाजूला ठेवलं.

आडनावांचा उगम शोधायचाय ना? मग तो त्या पानांत आहे. ओतूरच्या रजिस्टरात ‘डुंबरे’ पहिल्यांदा कधी येतं आणि त्याआधी त्याच घरातल्या माणसाला काय लिहिलं होतं, हे तिथे बसून कळेल. सैद आधी कसे लिहिले जायचे, गवारी आणि असवले कधीपासून कागदावर आले, मूळ आंबेगावात बुडण्याआधी कोण राहत होतं, हेही. ज्या उत्साहाने भावकीचे लोक पीडीएफ पुढे ढकलतात, त्यातला दहावा हिस्सा जरी तहसील कचेरीत अर्ज करण्यात घातला तरी जुन्नर आणि आंबेगाव, दोन तालुक्यांची पूर्ण सूची होईल. मोडी वाचता येणारी पोरं आता पुण्यात वर्ग करून तयार होतायत, त्यांना ओळीमागे पैसे द्यावे लागतील. भावकीच्या मेळाव्याला जो मांडव घालतो त्याच्या खर्चात एका गावाचं काम निघेल.

शोधायची चौकट मी लिहून देतो, फुकट. गाव, साल, नाव, आईचं नाव, बापाचं नाव, काम, असे रकाने असतील. आडनावाचाही असेल, पण तो सक्तीचा नसेल.